पदराचा जोड

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मेच्या अखेरीपर्यंत मी नऊ पिशव्या शिवल्या. त्यांतल्या सहांची तोंडं वाकडी आहेत. सातवीची चेन उलटी बसली आहे, म्हणजे ती उघडायची तर आत हात घालावा लागतो आणि आत हात घालायचा तर ती आधी उघडावी लागते. ती मी कुणालाच दिलेली नाही.

मशीन सासूबाईंचं, पायाचं. वीस वर्षं त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी होती. कुंडी उतरवली, तेल घातलं, वादी बदलून घेतली आणि चाक फिरवलं, तर ते उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पायमशीनवर बसलेल्या नवशिक्या माणसाचे पहिले आठ दिवस असेच जातात. पायाला कळायला वेळ लागतो की चाकाला सुरुवातीचा धक्का हातानं द्यायचा असतो, पायानं फक्त त्याची मर्जी राखायची असते. मग सुया मोडल्या. कॅनव्हासचे दोन पदर, त्यात अस्तर, त्यात पट्ट्याचं टोक, असा पाच-सहा थरांचा डोंगर चौदा नंबरच्या सुईपुढे घातला तर ती बिचारी काय करणार? रविवार पेठेतल्या दुकानदारानं माझ्याकडे न बघताच अठरा नंबरच्या सुयांचं पाकीट पुढे सरकवलं. माझ्यासारख्या बऱ्याच बायका त्याच्याकडे येत असाव्यात.

पिशवी उलटी शिवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते हाताला ठाऊक नव्हतं. सुलट्या बाजू एकमेकींना भिडवायच्या, सगळ्या टिपा उलट्या बाजूनं घालायच्या, अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा न शिवता ठेवायची आणि शेवटी त्या भोकातून अख्खी पिशवी बाहेर ओढायची. ओढेपर्यंत ती कशी झाली आहे ते कळत नाही. दरवेळी ओढताना माझा श्वास अडकायचा, आणि दरवेळी एक कोपरा आतच चुरगळून राहायचा. मग लाटण्याच्या टोकानं तो बाहेर ढकलायचा.

आपल्या भाषेत या वस्तूला किती नावं आहेत! पिशवी, थैली, झोळी, बटवा, कसा. खांद्यावर पुढे-मागे लोंबणारी पडशी. पानसुपारीची चंची, जिला उलगडत गेलं की कप्प्यातून कप्पा निघतो. आणि एके काळी कवितेचं वेड असलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर दिसायची ती शबनम. यांतल्या निम्म्या वस्तू प्लास्टिकच्या कॅरीबॅगनं संपवल्या. 2018च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा घरोघरी माळ्यावरून कापडी पिशव्या खाली आल्या होत्या. काही दिवसांनी पुन्हा वर गेल्या. भाजीवाल्याकडे काळी पिशवी अजून मिळते, फक्त आता ती मागताना आवाज खाली करावा लागतो.

पहिल्या चार पिशव्या खणाच्या. खण स्वस्त नव्हता, पण दिसायला इतका देखणा की शिवण्यातले दोष झाकले जातील असा हिशेब होता. तो चुकला. खणाला मागून फोम लावला की तो ताठ होतो, पुठ्ठ्यासारखा. हल्ली खणाचे आकाशकंदील, खणाच्या डायऱ्या, खणाची तोरणं सगळीकडे दिसतात, आणि मीही त्याच दिंडीत सामील झाले होते. पण खण हे चोळीचं कापड. ते अंगावर बसायचं, घामानं मऊ व्हायचं, दंडावर ताणायचं. त्याच्या पाठीला फोम चिकटवताना मला उगीचच कुणाला तरी इस्त्री करून भिंतीवर टांगल्यासारखं वाटलं.

म्हणून सोलापूरला आत्याला फोन केला. तिच्याकडे आजीची ट्रंक होती आणि ट्रंकेत आजीची नऊवारी इरकलं. “घेऊन जा की,” ती म्हणाली. मी गेले. चार लुगडी निघाली. सगळी मधोमध विरलेली, उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं इतकी. पदर मात्र चारींचे ठणठणीत. मी खडू काढला, पट्टी काढली, गर्द हिरव्या लुगड्यावर चौदा इंच बाय सोळा इंचाचा आयत आखला आणि कात्री हातात धरून बसून राहिले.

“कापायलीस का?” आत्यानं विचारलं.

“कुठून कापू कळत नाही.”

“मग आधी बघून तरी ये. कसं विणत्यात ते कळल्याशिवाय कुठं कापायचं ते कसं कळंल? आणि जाताना मलाबी ने. सत्तर वर्षं इरकल नेसले, पण इरकल गाव काय बघितलं नाही.”

ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, बाबांचा कॅमेराही सापडला. आगफा क्लिक थ्री, बडोद्याच्या कारखान्यात तयार झालेला. आमच्या घरातले सगळे चौकोनी फोटो, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे लावून चिकटवलेले, त्यानंच काढलेले. त्याच्यात करायला फारसं काही नसतं. एक सूर्याचं चित्र आणि एक ढगाचं, यांतलं एक निवडायचं आणि खटका दाबायचा. शटरचा वेग ठरलेला, तो काही केल्या बदलत नाही. एकशेवीसच्या रोलवर बारा फोटो. पाठीला लाल काचेची बारीक खिडकी, त्यातून फिल्मच्या कागदावरचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. पुण्याहून शंभर स्पीडचे दोन काळेपांढरे रोल मागवले. फोन होताच खिशात, पण फोननं फोटो काढायला बसलं की मी एका झाडाचे चाळीस काढते आणि एकही बघत नाही.

पहाटे पाचला सोलापूर सोडलं. विजापूरचा रस्ता आता चौपदरी आहे, गाडी हातात गाणं म्हणते. भीमा ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते आणि रान तेच राहतं: काळी, कापलेल्या तुरीचे बुडखे, मधेच एखादं हिरवंगार लिंबाचं झाड. आत्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, ती साडेसहालाच संपली. गोल घुमट उगवत्या उन्हात पाठमोरा दिसला, आत्या म्हणाली, “येताना.” येतानाही आम्ही थांबलो नाही.

आलमट्टीला थांबलो. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे नाव धरणाचं म्हणून नव्हे, पावसाळ्यातल्या काळजीचं म्हणून माहीत असतं. पाणीपातळीचा 519.60 मीटर हा आकडा तिकडे शाळकरी पोरंही सांगतात. मे महिन्यात मात्र पाणी खूप खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला चिखल आणि त्यावर बगळे. मी पहिल्या रोलवरचा सातवा फोटो तिथं काढला. सूर्याचं चित्र, खटका. मग कॅमेरा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

गावाचं नाव इलकल, साडीचं इरकल. मराठी जिभेनं वाटेत कुठंतरी ल चा र केला. गाव बागलकोट जिल्ह्यात, लाल ग्रॅनाइटसाठीही प्रसिद्ध. शिरताना रस्त्याच्या कडेला घासून गुळगुळीत केलेल्या लाद्या उभ्या. आत्याची सोलापुरी कानडी इथं खपली. तीन घरी विचारून चौथ्या घरी माग चालू मिळाला. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, पन्नाशीचा, आणि खोलीत इतका अंधार की आधी फक्त आवाज दिसला, असं म्हणावं लागेल.

आत्यानं आजीचं लुगडं पिशवीतून काढून त्याच्या पुढ्यात उलगडलं. त्यानं माग थांबवला. आधी किनार बघितली नाही, नक्षी बघितली नाही. थेट जिथं हिरवं संपून लाल सुरू होतं तिथं अंगठा फिरवला. मग कानडीत काही बोलला, आणि आत्यानं मला सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ते लुगडं दिसलं.

झालं असं असतं: अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. अंग सुती, पदर रेशमी. आता बहुतेक कृत्रिम रेशमाचा. अंगाच्या प्रत्येक सुताचं टोक पदराच्या सुताच्या टोकात फास घालून अडकवतात. एकेक. सगळ्या पन्ह्याभर. या पद्धतीला तोप तेनी म्हणतात. त्यामुळे यंत्रमागासारखा लांबच्या लांब ताणा एकदा चढवून एकामागून एक साड्या काढता येत नाहीत. दर साडीला ताणा नवा, जोड नवा. पदर लालच: लालाचे तीन पट्टे आणि त्यांच्या मधे पांढऱ्याचे दोन. पांढऱ्यात कुठं तटाचे कंगोरे, कुठं जोंधळ्याची कणसं, कुठं कंगवा, कुठं डोंगरांची रांग. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते. आजीच्या पदराला तोंड पुसलं आहे. पण तो पदर बाहेरून आणून जोडलेला आहे, आणि त्या जोडावर बोट फिरवलं तर बारीक कणा लागतो, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि मी आखलेला आयत बरोबर त्या कण्यावरून तिरका गेला होता. खडूची रेघ अजून तशीच होती. विणकरानं ती पाहिली, आणि काही बोलला नाही, एवढे त्याचे उपकार.

तिथं मी पाच फोटो काढले. मागाचा, त्याच्या हातांचा, धोट्यांचा, पुन्हा हातांचा, खिडकीच्या कवडशाचा.

गुळेदगुड्डला खणाचे माग पाहिले. इथं वेळ कमी दिला, उन्हानं आत्याला गरगरायला लागलं होतं. एका घरानं ताक दिलं, खण दाखवले, विकत घ्या असं एकदाही म्हटलं नाही. मी घेतले. फोम लावणार नाही असं मनात म्हणाले.

बदामीला मुक्काम. संध्याकाळी अगस्त्य तीर्थाच्या पायरीवर बसलो. समोर लाल दगडाचा कडा, त्यात कोरलेली लेणी. तिसऱ्या लेण्यात 578चा शिलालेख आहे. दगड मावळतीच्या उन्हात असा काही लाल झाला की आत्यानं स्वतःच्या पदराचं टोक उचलून त्याच्याशी ताडून पाहिलं. दुसऱ्या रोलवरचे शेवटचे दोन फोटो मी तिचे काढले. हा कॅमेरा दहा फुटांच्या आतलं काही नीट घेत नाही, म्हणून मी मागे सरकत गेले आणि ती ओरडत राहिली, “पाण्यात पडशील, बाळे!”

रोल पुण्यात धुवून आले. मागाचे पाचही फोटो काळे. साहजिक आहे, त्या अंधाराला तो ठरलेला शटर पुरणार कसा? हात नाहीत, धोटे नाहीत, फक्त पाचव्यात वर एका कोपऱ्यात कवडशाची पांढरी चिरी. आलमट्टीच्या फोटोत आकाशात, बगळ्यांच्या वर, पुसटसा 7 उमटला आहे. फिल्म धुणाऱ्यानं सांगितलं, फिल्मच्या पाठीचा कागद तापला की त्याच्यावरचा छापील आकडा फिल्मवर उतरतो. मला तो गाडीचा कप्पा आणि उसाचा रस आठवला. बदामीचे दोन मात्र चांगले आले आहेत. काळ्यापांढऱ्यात तो कडा आणि आत्याचा पदर हुबेहूब एकाच राखाडीचे आहेत.

परत सोलापूरला गेले ती फोटो घेऊन आणि हिरवं लुगडं घेऊन. या वेळी खडू आणला नव्हता. कात्री मात्र आणली होती, ती आत्यानं फक्त किनार कापायला वापरली. रेशमी किनार फाटत नाही. मग तिनं जोडाच्या अलीकडे, हिरव्याच्या बाजूला, चार बोटं मोजली, दातांनी सुती कापडाला खाच दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. टर्रर असा एकच आवाज, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा. कात्री भरकटते, फाडलेलं कापड सुताला धरून सरळ जातं. कापडाच्या दुकानात आपण फाडून द्या म्हणतो ते यासाठीच की. माझ्या पोटात मात्र क्षणभर कालवलं. आत्यानं फाटलेल्या काठाचे दोन सुटे धागे ओढून काढले, बोटाला गुंडाळले आणि खिडकीतून टाकून दिले.

नववी पिशवी तिचीच. खाली चार बोटं हिरवं, वर लाल-पांढरा पदर, मधे तो कणा. पाठीमागे मांजरपाट, फोम नाही. पट्टे किनारीचे. तोंड सरळ आलं. मी तिच्या दारात उभी राहून ती तिच्या खांद्यावर अडकवली. तिनं ती उलटून पाहिली, पालटून पाहिली, अंगठा जोडावरून फिरवला. मग आत हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपलं.

“खिसा कुठाय?”

“खिसा नाही ठेवला गं.”

“मग किल्ली कुठं ठेवू? आणि चंची?”

मी पिशवी पुन्हा घेतली, अस्तराच्या तळाशी ती शिवून टाकलेली चार बोटांची जागा शोधली आणि ब्लेडनं टीप उसवायला बसले. आत्यानं जिन्यावरचा दिवा लावून दिला आणि कांदे आणायला जुन्याच पिशवीनं निघून गेली.