शेंदराखालची माणसं

वाई तालुक्यातल्या किकली गावात भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, दाटी आहे. पाऊस नुकताच सरलेला असला की चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी इथून हाताच्या अंतरावर आल्यासारखी वाटते. अशा वेळी एखाद्या दगडापुढं उकिडवं बसावं आणि तो खालून वर वाचावा. वीरगळ खालूनच वाचायचा असतो.

तळच्या चौकटीत एक माणूस आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर गावची गुरं वळवून न्यायला आलेल्यांना त्यानं अडवलं असं समजायचं. त्यावरच्या चौकटीत तोच माणूस ढाल-तलवार घेऊन भिडलेला दिसतो. त्याच्याही वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाला नेतात आणि अगदी वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसतो. माथ्यावर कलश आणि दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची आठवण राहो, एवढंच मागणं.

नाव मात्र नाही. कर्नाटकातले वीरगळ पुष्कळदा लेखासह बोलतात, आपल्याकडचे बहुतेक मुके. गुरांमागं धावून गेलेला तो कोण, कुठल्या वाडीतला, त्याची आई तेव्हा होती का, काही कळत नाही. राजांच्या वंशावळी ताम्रपटांत सुरक्षित राहिल्या. याच्या वाट्याला हातभर रुंदीचा एक दगड आला आणि मला तो ताम्रपटाइतकाच मोलाचा वाटतो.

शेजारी कधी सती गेलेल्या बाईची सतीशिळा असते. कोपरात वाकलेला हात, भरलेला चुडा, उघडा तळवा. तिथं माझे हात जुळत नाहीत, नुसता जीव कळवळतो. तिला कुणी विचारलं होतं का, हे दगडावर कोरलेलं नाही.

कोकणात उतरलं की दगडांचा विषय बदलतो. बोरिवलीच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर चक्क आरमारी लढाई आहे. वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबतं एकमेकांवर चालून आलीत. देवगिरीचा महादेव यादव आणि ठाण्याचा शिलाहार सोमेश्वर यांचं तेराव्या शतकातलं युद्ध ते हेच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आज भोवती इमारतींचं रान आहे. ठाणे-मुंबईच्या पाण्यावर माणसं लढली आणि बुडाली, याचा इतका थेट पुरावा हाकेच्या अंतरावर आहे आणि कितीतरी लोक रोज त्याच्यावरून जातात.

अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेखही वर्षानुवर्षं असाच रस्त्याकडेला उघड्यावर होता. संशोधक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचा शक 934 वाचला, म्हणजे इ.स. 1012. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आरंभी जगात सुख नांदो अशी इच्छा आहे आणि पुढं देवीच्या बोडणासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, नऊ कुवली धान्य नेमून दिल्याची नोंद. आपल्या भाषेच्या उगमापाशी देवीच्या नैवेद्याचं हे धान्य मोजलेलं आहे, हे मला फार लोभस वाटतं.

या दगडांना तगवलं ते शेंदरानं. लोकांनी त्यांना वेताळ म्हटलं, म्हसोबा म्हटलं, नारळ फोडला. अर्थ विसरला तरी हात लावायला माणूस कचरला. हल्ली तो धाकही ओसरत चाललाय. रस्ता रुंद करताना दगड यंत्रानं उचलून ढिगाऱ्यात लोटला जातो. कुठं त्याचा धुण्याचा दगड होतो, कुठं पायरी. जीर्णोद्धाराच्या हौसेत त्यावर ऑइलपेंटचे थर चढतात आणि गाईचं शेपूट, वीराचा अंबाडा, सगळं बुजून जातं.

सगळेच वीरगळ संग्रहालयात नेऊन ठेवावेत, हे मला पटत नाही. ज्या शिवेवर तो वीर पडला, त्याच शिवेवर त्याचा दगड उभा असायला हवा. जागा तुटली की अर्ध्याहून अधिक गोष्ट तुटते. तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात की वेशीपाशी, पारापाशी, ओढ्याकाठी नजर टाका. दगड पालथा पडला असेल तर चारजणांना हाताशी धरून उभा करा, रंग फासू देऊ नका, फोटो काढून जाणकारांना दाखवा. आणि रस्त्याचं काम निघालं, तर पहिली कुदळ पडण्याआधी ग्रामसभेत त्याचा विषय काढा.