काळी दोन

आज पहाटे तानपुरा काळी दोनमध्ये लावला. इतकी वर्षं काळी चारचा हट्ट धरून बसले होते, कारण बायकांनी त्याच पट्टीत गायचं असं मनात बसलेलं. तार षड्जाला गळ्याच्या शिरा ताणायच्या, आवाज चिरकायचा आणि दोष मी आवाजाला द्यायचे.

शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं. "तू नुसते ओठ हलव, तुझा आवाज मुलासारखा येतो." ते वाक्य तीस वर्षं गळ्यात अडकून होतं.

गंगूबाई हनगल ऐकल्या आणि काहीतरी सैल झालं. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक होता. घशाच्या उपचारांनंतर तो जाड, भारदस्त झाला. त्याच आवाजात त्या आयुष्यभर किराणा घराण्याचं गाणं गायल्या. केवढं धैर्य लागलं असेल!

रेकॉर्डिंगचंही भय असंच गेलं. स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून मोबाइलवरचा आवाज परका वाटतो. इतरांना मात्र तोच ओळखीचा असतो. आता रोज पाच मिनिटं ऐकते.

आज खर्ज लावला. मंद्र पंचमावर श्वास संपेपर्यंत थांबले. छातीवर ठेवलेल्या तळहाताला कंप जाणवत होता, मांजर गुरगुरावं तसा. स्वयंपाकघरातून आईंनी विचारलं, "थांबलीस का गं? गा ना अजून."

पुन्हा सा लावला.