कोणत्या नियमाखाली?

एका माणसाने मुंबईच्या तुरुंगात बसून मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय मूलकणांचा आणि क्वांटम सिद्धांताचा. लेखक होते कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी. त्यांच्यावर खटला नव्हता, त्यांना शिक्षाही झालेली नव्हती. १९६२च्या चीन युद्धात जाहीर झालेली आणीबाणी अजून उठली नव्हती आणि सरकारने त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं. लिहिण्याची परवानगी सरकारनेच दिली होती. पण छापण्यासाठी हस्तलिखित बायकोकडे पाठवायचं म्हटल्यावर नकार आला.

प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे संझगिरी जिंकले, म्हणून राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारचा युक्तिवाद असा होता: स्थानबद्ध माणसाला नियमांत लिहिलेल्या तेवढ्याच सवलती. पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत कुठे लिहिलेली नाही, म्हणजे ती नाही. सप्टेंबर १९६५मध्ये न्यायालयाने हे फेटाळलं. असंच म्हणायचं तर जेवण देण्याचा नियम नसेल तेव्हा कैद्याला उपाशी मारता येईल, असं न्यायाधीशांनी दाखवून दिलं. नियम सवलती वाटत नाहीत, ते बंधनं घालतात. जे बंधन नियमात नाही, ते अधिकाऱ्याने लादायचं नाही.

हा निकाल मी फोनवर वाचला तेव्हा मला माझा आत्तेभाऊ आठवत होता. गावातल्या रस्त्याच्या कामावर त्याने एक स्टेटस टाकलं होतं. त्यावरून त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. चार तास बाकावर बसवलं, फोन काढून घेतला, स्टेटस उडवायला लावलं. कलम कोणतं, हे कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. आत्या म्हणाली, “आला ना घरी? झालं तर. आता विषय नको.”

तिची भीती मला कळते. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकमुळे अटक झाली होती. एकीने बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. अशाच प्रकरणांतून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६अ’ कलमाला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१मध्ये हे समोर आल्यावर न्यायालयालाही धक्का बसला. रद्द झालेलं कलम इतकी वर्षं चाललं, कारण ठाण्यातल्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ते रद्द झाल्याचं माहीतच नसतं.

राज्यघटनेत या टेबलासाठीच काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. अटकेचं कारण सांगायचं, वकील गाठू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं: हे कलम २२. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही: हे कलम २०. संझगिरींना तर २४ तासांचं संरक्षणही नव्हतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेला ते लागू होत नाही, हेही त्याच कलम २२मध्ये लिहिलं आहे. त्यांच्याकडे एक हस्तलिखित होतं आणि एक प्रश्न होता: कोणत्या नियमाखाली अडवता?

हा प्रश्न शिक्षा भोगणाऱ्यालाही विचारता येतो. १९७९मध्ये तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं.

आत्तेभावाला मी ही अणूच्या पुस्तकाची गोष्ट पाठवली. त्याने उत्तरात फक्त विचारलं, “पुस्तक छापायला बाहेर गेलं का मग?” मी लिहिलं, सरकारला ते अडवता आलं नाही.

त्या रस्त्यावरचा खड्डा अजून तसाच आहे. त्याच्या स्टेटसला मात्र आता रोज ‘शुभ सकाळ’ असतं.