आधी ऊब, मग अजगर

मिनिॲपोलिसच्या जानेवारीत पारा उणे 20 अंशांच्या खाली सहज उतरतो. लेकीने बॉल पायथनचा हट्ट धरला तोही नेमका हिवाळ्याच्या तोंडावर. हा अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिनकडच्या गवताळ भागात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहणारा. मी नाही म्हटलं नाही, पण एक अट घातली. साप घरात येण्याआधी त्याची पेटी रिकामीच चालवून बघायची, आणि आकडे स्थिर झाल्यावरच त्याला आणायचं.

सांगलीहून आईचा फोन आला तेव्हा तिने काळजीने विचारलं, "अगं, एवढ्या थंडीत त्याला एखादी गोधडी नको का?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. गोधडी आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. सापाच्या अंगात तशी ऊब तयारच होत नसेल, तर गोधडी धरून ठेवणार काय? त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि पुरेशी झाली की तिच्यापासून दूरही जाता यावं लागतं. म्हणून पेटीत सगळीकडे सारखं तापमान ठेवून भागत नाही. एक टोक 31 ते 33 अंश, दुसरं 25 ते 27, आणि दोन्हीकडे लपायला जागा. लपण एकाच बाजूला असेल तर हा बुजरा प्राणी उकडलं किंवा गारठला तरी तिथेच बसून राहतो. कारण त्याच्या लेखी आडोसा आधी, तापमान नंतर.

पेटीच्या तळाशी, बाहेरून, एका बाजूला हीट मॅट चिकटवली आणि आत नारळाच्या भुशाचा थर पसरला. इन्फ्रारेड थर्मामीटरने भुशाचा पृष्ठभाग मोजला तर 32 अंश. इथली यंत्रं फॅरनहाइट दाखवतात, म्हणजे नव्वदच्या आसपास. लेक खूश झाली. मग मी बोटाने भुसा बाजूला सारला आणि खालची उघडी काच मोजली. तिथे 40 च्या वर! साप भुशात शिरतो, अंग थेट काचेला टेकवून पडतो. पोटाकडून बसणारा चटका सापाला वेळेवर जाणवेलच आणि तो बाजूला होईलच, याची खात्री नसते. ओठांवरच्या खाचांनी उंदराची ऊब अंधारात टिपणाऱ्या या प्राण्याला तापलेल्या काचेने भाजल्याची उदाहरणं पशुवैद्यांकडे कमी नाहीत.

त्यामुळे मॅटची उष्णता आवरणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं टोक, कुठे बसवायचा हाच कळीचा प्रश्न ठरला. आत नुसता ठेवला तर साप तो ढकलून गार कोपऱ्यात नेणार. प्रोबला वाटणार पेटी थंड आहे, आणि मॅट तापतच राहणार. आम्ही तो बाहेरून, मॅट आणि काचेच्या मध्ये पक्का बसवला, आणि आतल्या काचेवर 32 येईपर्यंत थर्मोस्टॅटवरचा आकडा कमी करत गेलो. आत दोन टोकांना दोन वेगळे डिजिटल थर्मामीटर ठेवले. काचेवर चिकटवायची गोल, काटेवाली तापमापकं मात्र विकत घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती फार तर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतात, आणि साप हवेत तरंगत नसतो.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. झोपताना आम्ही घराचं हीटिंग 18 अंशांवर आणतो. त्यावेळी मॅट काच गरम ठेवते, पण हवा गार पडते. मग वरून सिरॅमिक हीटर लावला, त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट, आणि पेटीच्या तीन बाजूंना फोमच्या पट्ट्या. हीटरने हवा कोरडी केली, म्हणून जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकून ओलावा 60 टक्क्यांच्या आसपास आणला. गार आणि दमट हवेत अजगराच्या फुप्फुसांना संसर्ग होतो, तो तोंड उघडून श्वास घेऊ लागतो. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच सांभाळाव्या लागतात.

साप आला तो एका बचाव केंद्रातून. तो आल्यापासून आकड्यांइतकंच त्याच्याकडेही बघते. उंदीर खाल्ला की तो उबदार टोकाला वेटोळं घालून पडून राहतो, कारण ऊब कमी पडली तर पचन अडतं आणि गिळलेलं उलटून पडतं. पोट हलकं झालं की गार बाजूला सरकतो. दोन्हीकडे त्याची ये-जा दिसते तेव्हा मला समाधान वाटतं. तो एकाच टोकाला चिकटून राहिला की मी आधी थर्मामीटर हातात घेते.

आईकडच्या भाच्यांनाही आता साप पाळायचा आहे. त्यांना सांगितलं, आपल्याकडचे साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि असा परदेशी अजगर ठेवायलाही सरकारी नोंदणी लागते. जिथे परवानगी आहे तिथे पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिला खर्च चांगल्या थर्मोस्टॅटवर करा. साप ज्या जागी अंग टेकवणार तिथलं तापमान मोजा, पहाटेचंही मोजा. आकडे हलत असतील तोवर साप आणू नका.