आप्पांची बॅटरी

शाळेच्या पुस्तकात तिला ‘विजेरी’ म्हणत. मराठी शाळेतून बाहेर पडल्यावर हा शब्द मला कोणाच्या तोंडून ऐकू आला नाही. आमच्या घरी ती ‘बॅटरी’, आणि आप्पांचे पोलीस ठाण्यातले कन्नड सहकारी तिला ‘ब्याटरी’ म्हणतात. बेळगावात इतर बाबतींत काहीही असो, या एका शब्दावर दोन्ही भाषांचे एकमत आहे! आणि नावही अचूक आहे. कारण दिव्यापेक्षा आतला सेल महत्त्वाचा, हे मला यंदा कळले.

आप्पा हेड कॉन्स्टेबल आहेत. निवृत्तीला तीन वर्षे उरली, तरी आठवड्यातून दोन-तीन रात्री गस्त चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात वीज गेलेल्या एका गल्लीत त्यांच्या जुन्या तीन सेलच्या बॅटरीने मान टाकली आणि आप्पा गटारात पडले. गुडघ्याला सात टाके पडले. आई काही बोलली नाही. पण ते पुन्हा कामावर गेले त्या रात्री ती झोपलीही नाही. तेव्हा मी ठरवले, शिकवणीच्या पैशांतून आप्पांना नवी बॅटरी घ्यायची.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आधी हिशेब मांडणारच. जुन्या बॅटरीतला प्रत्येक मोठा सेल सुमारे ६१ मिलिमीटर लांब. तीन सेल एकापुढे एक ठेवले की १८ सेंटिमीटर तिथेच संपले. नव्या छोट्या बॅटरीत ‘१८६५०’ हा एकच लिथियम-आयन सेल असतो. हा आकडा म्हणजे त्याचे मापच: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. वजन ५० ग्रॅमच्या आसपास. अशी बॅटरी पावसाळी कोटाच्या खिशात मावते आणि काठी धरायला एक हात मोकळा राहतो.

दुकानदाराने पहिलीच बॅटरी पुढे केली, “इदु साविर ल्यूमेन, नोडी!” हजार ल्यूमेन ऐकून कोणीही भुलावे. पण ल्यूमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती दूर जाईल हे कँडेलावर ठरते. अमेरिकेत २००९ साली बॅटऱ्यांसाठी एक मानक तयार झाले. त्यानुसार उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरला की पल्ला संपला असे धरतात. २,५०० कँडेलांचा पल्ला १०० मीटर. २०० मीटर हवे असतील तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १०,००० कँडेला लागतात. गल्लीबोळाला १०० मीटर पुष्कळ झाले.

आता शिल्लक पाहू. चांगल्या सेलमध्ये सुमारे १० वॅट-तास ऊर्जा असते. एका वॅटला १०० ल्यूमेन धरले, तर हजार ल्यूमेन जेमतेम तासभर टिकतील. तेही कागदावर, कारण एवढीशी बॅटरी काही मिनिटांतच तापते आणि स्वतःच उजेड उतरवते. १०० ल्यूमेनवर मात्र तीच शिल्लक दहा तास, म्हणजे सबंध रात्र पुरते. रोज उधळपट्टी करणाऱ्याचे महिनाअखेरीस जे होते, तेच बॅटरीचे पहाटे तीनला होते.

रात्री जेवताना मी हे सगळे आप्पांना ऐकवले. ते हसले. “आकडे बरोबर आहेत तुझे. पण बटण दाबल्यावर आधी मंद उजेड देणारी बघ की. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि घालवायला एक झोत पुरतो. लुकलुकणारी तर नकोच. घाईत बोट पडले की आपल्यालाच काही दिसत नाही.”

मग ते जरा थांबून म्हणाले, “माणूस दिसला की आधी त्याच्या हातांवर उजेड टाकायचा, मग पायांवर. एकदम तोंडावर मारला की थप्पड मारल्यासारखे होते. चोर असला तर पळेल. पण रात्रपाळीहून परतणारा असला तर त्याने काय केले?”

हे कोणत्याही खोक्यावर छापलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला कन्नडमध्ये माझ्या अटी सांगितल्या: सुरुवात मंद उजेडाने, बटण मागे आणि अंगठ्याखाली, पाण्यात पडली तरी चालणारी, आणि उजेड फार निळसर नको. शेवटची अटही आप्पांचीच. निळसर उजेडात रंग फसवे दिसतात, मग नोंदीत शर्ट हिरवा लिहायचा की निळा? दुकानदाराने हजार ल्यूमेनची बॅटरी परत ठेवली आणि मागच्या फळीवरून एक साधी, काळी, वीतभरही नसलेली बॅटरी काढली. वाचलेल्या पैशांत एक जादा सेल आला.

तो जादा सेल आता एका छोट्या डबीत आप्पांच्या खिशात असतो. दुसरा चार्ज करायचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की ती सेल चार्जरमध्ये घालते, आणि गस्तीच्या रात्रीसुद्धा अकरापर्यंत झोपी जाते.