कार्डावरचे शून्य

हस्तलिखितांशी आमचा संबंध पोटापाण्याचा. पोथीतला कोणता शब्द मूळ कर्त्याचा, कोणता लेखनिकाच्या डुलकीचा आणि कोणता त्याच्या अतिशहाणपणाचा, हे विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवण्यात आमची बरीच वर्षे गेली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे वाक्य आम्ही दरवर्षी न चुकता वर्गात उच्चारत आलो. परंतु ज्याच्या शुद्धाशुद्धतेवर एखाद्याचा जीव अवलंबून आहे असा पाठ आम्ही प्रथम वाचला तो २००८ साली, आणि तो पोथीत नव्हता. क्षयरुग्णाच्या उपचारकार्डावर होता.

त्याचे असे झाले. आमच्या जिल्ह्यात अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचारी यांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत आणली गेली होती, आणि तिचे मराठी कोणालाच उमगत नव्हते. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ती आमच्याकडे पाठवली. 'भाषा तेवढी बघा,' एवढाच निरोप होता. आम्ही भाषा बघू लागलो आणि विषयात ओढले गेलो.

क्षयरोगाची औषधे घरी राहून घेतली तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो, हे १९५६ नंतर मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले होते. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे, अर्धपोटी रुग्णही घरच्या उपचारांनी बरे झाले. साऱ्या जगाने मान्य केलेला हा निष्कर्ष आपल्याच देशातला, ही गोष्ट आम्हांस तोवर ठाऊक नव्हती. पण घरी उपचार म्हणजे प्रश्न आला: गोळ्या घेतल्या, हे कळणार कसे? त्याला कारेल स्टिब्लो या डॉक्टरांनी टांझानियात दिलेले उत्तर आश्चर्यकारकरीत्या कारकुनी होते. एका तिमाहीत नोंदलेला प्रत्येक रुग्ण शेवटी कुठे पोहोचला, त्याचा हिशेब लागलाच पाहिजे. बरा झाला, उपचार पूर्ण झाले, दगावला, उपचार निष्फळ ठरले, मध्येच सोडले, अन्यत्र गेला. यांपैकी एका रकान्यात त्याला बसवल्याशिवाय वही मिटायची नाही. भारतात ही पद्धत १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात आली आणि २००६ च्या मार्चपर्यंत देशभर पोहोचली.

आमच्या वेळी औषधे दिवसाआड, आठवड्यातून तीनदा दिली जात. (रोजच्या मात्रेची पद्धत देशभर आली ती २०१७ मध्ये.) प्रत्येक रुग्णाच्या नावाचा संपूर्ण उपचाराचा खोका वेगळा काढून ठेवलेला, नव्या रुग्णाचा तांबडा, पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. दुसऱ्या कुणासाठी त्याला हात लावायचा नाही. सेविकेने समोर गोळी गिळताना पाहायचे आणि कार्डावरील त्या तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. रुग्ण आला नाही तर शून्य. एवढीच या ग्रंथाची वर्णमाला.

पुस्तिकेत एक शब्द अडला. सलग दोन महिने उपचार सोडणाऱ्यास इंग्रजीत 'डिफॉल्टर' म्हणत. सहकारी पतपेढ्यांत त्याला 'थकबाकीदार' हा प्रतिशब्द रूढच होता, पण तो विनोदी वाटला. 'उपचार खंडित केलेला रुग्ण' हा लांबला. आम्ही विचारपूर्वक 'कसूरदार' हा शब्द दिला. फारसीतून आलेला, नेमका, जुन्या दफ्तराचा वास असलेला शब्द! त्या निवडीवर आम्ही बेहद्द खूष होतो. एका मित्राला तर ती दूरध्वनीवरून ऐकवलीही.

पुढे मासिक आढावा बैठकीस आम्हांला पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. पुस्तिका कशी चालते ते पाहावे, हा हेतू. बैठकीत दोन कार्डे फिरवण्यात आली. एकावर तीन महिन्यांच्या खुणा ओळीने, एकही शून्य नाही, जणू शाळेत कित्ता गिरवलेला. दुसऱ्यावर दिवाळीपर्यंत खुणा, आणि तिथून पुढे शून्यांची रांग. पहिल्या कार्डाच्या सेविकेचे कौतुक झाले. दुसरीला सर्वांसमक्ष उभे करून विचारण्यात आले, 'तुमच्यामुळे तालुक्याचा टक्का खाली येतो, कळतं का?' आणि पुस्तिकेतला आमचा शब्द अधिकाऱ्याच्या तोंडून खणखणीत बाहेर पडला, 'या कसूरदार रुग्णाबरोबर तुम्हीही कसूरदारच.' सेविका पदराचे टोक पिळत उभी होती. आम्ही समोरचा चहा संपवला.

बैठकीनंतर उपचार पर्यवेक्षक आमच्याजवळ आले. पाच लाख लोकवस्तीमागे असा एक माणूस आणि त्याला एक मोटारसायकल, अशी त्या काळची रचना होती. त्यांनी पहिले कार्ड आमच्यापुढे धरले. 'सर, तुम्ही हस्तलिखितं शिकवता ना? हे वाचा.' आम्ही वाचले, आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच कलाच्या, एकाच दमात ओढलेल्या. तीन महिन्यांत एकदाही पेन बदलले नव्हते, हात थकला नव्हता, धुळवडीच्या दिवशीसुद्धा रुग्ण वेळेवर हजर होता! असली 'शुद्ध' पोथी वर्गात कुणी पुढे ठेवली असती, तर ती उत्तरकालीन प्रत आहे हे आम्ही क्षणात सांगितले असते. बैठकीत मात्र टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या मोटारसायकलीवर मागे बसून गेलो. ते कार्ड बघतच नसत. आधी खोका उघडत, उरलेली पाकिटे मोजत, मग खुणा मोजत. आणि त्यानंतर रुग्णाच्या घरी जाऊन गोळ्यांनी लघवीचा रंग नारिंगी होतो का, हे साध्या शब्दांत विचारत. आदर्श कार्डाच्या रुग्णाला सेविकेने एका वेळी पंधरवड्याची पाकिटे देऊन टाकली होती. बरीचशी भिंतीतल्या देवळीत तशीच निघाली. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत म्हाताऱ्याच्या थुंकीत अजून जंतू का होते, याचे उत्तर त्या देवळीत होते. पर्यवेक्षकांनी सेविकेला रागावले नाही. तिच्याकडे पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी अशी किती रजिस्टरे आहेत, ते विचारले. आम्हीही मोजून पाहिली, अकरा भरली.

शून्यांचे कार्ड जिचे, ती बाई एका तांड्यावर राहत होती. ऊसतोडीचा हंगाम संपवून एप्रिलात परतली होती. दाराशी मोटारसायकल थांबताच ती मुलाला कडेवर घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी दाराआडून म्हणाली, 'बाईंनी सांगितलं मी कसूरदार हाय म्हणून. दंड किती भरायचा, तेवढं सांगा दादा. उचल फिटायचीये अजून.'

शब्द आमचा होता. पर्यवेक्षकांनी तो आमचा असल्याचे तिला सांगितले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

मग उंबऱ्यावर बसून तिने जे सांगितले त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. मुकादमाकडून नवराबायकोने मिळून उचल घेतलेली. दोघांचा मिळून एक 'कोयता'. बायको मागे राहिली तर अर्धा कोयता कारखान्याला नको असतो. निघताना तिने सेविकेकडे गोळ्या मागितल्या होत्या. सेविकेने वरती विचारले, वरून फॉर्म भरा असे उत्तर आले, आणि फॉर्म येईतो ट्रक निघाला. सेविकेने त्यानंतर प्रत्येक तारखेला इमानेइतबारे शून्य काढले. तेच शून्य तालुक्याच्या टक्क्याला जड झाले.

थुंकी तपासली, जंतू होते. आता निळा खोका. तेव्हाच्या नियमाने आठ महिने, आणि पहिले दोन महिने दिवसाआड सुई. ती बोटांवर मोजू लागली. मे ते जानेवारी. ट्रक दसऱ्यानंतर निघणार. तिने आमच्याकडे पाहिले, आम्ही पर्यवेक्षकांकडे.

त्यांनी कारखान्याचे नाव विचारले, मुकादमाचे विचारले, आणि डायरीत लिहून घेतले. त्या भागाच्या पर्यवेक्षकाशी ते स्वतः बोलले. ऑक्टोबरात तिच्यासोबत उरलेल्या पाकिटांचा खोका आणि कार्डाची प्रत गेली. नियमपुस्तकात या सगळ्याची तरतूद आधीपासून होती. प्रशिक्षणातही ती शिकवली जाई. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, निम्मी मंडळी पेंगत असताना.

पुस्तिकेच्या पुढल्या आवृत्तीत आम्ही तो शब्द काढला व त्या जागी 'उपचारातून सुटलेला रुग्ण' असे घातले. ते प्रकरणही सकाळच्या पहिल्या तासाला आणावे, अशी विनंती केली. पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच 'डिफॉल्टर' शब्द टाकून दिला. रुग्ण पाठपुराव्यातून निसटला, अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. ज्या कृतीचा कर्ता आजवर रुग्ण होता, ती आता पाठपुरावा करणाऱ्यांच्या अंगावर आली. व्याकरणाच्या तासाला आम्ही हे उदाहरण देतो, पण ते आम्हांला कुठे भेटले हे सांगण्याचे टाळत आलो आहोत. २०१२ पासून रुग्णांची नोंद 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होऊ लागली. शाई आणि हाताचा कल आता पडद्यावर दिसत नाही. पाकिटे मोजणारा माणूस मात्र अजून लागतोच.

फेब्रुवारीत पर्यवेक्षकांचा दूरध्वनी आला. त्या बाईचे कार्ड परत आले होते. शेवटची थुंकी स्वच्छ. आम्ही आनंदाने म्हणालो, 'म्हणजे सगळ्या खुणा पूर्ण?'

'नाही हो सर,' ते म्हणाले. 'मध्ये दोन शून्यं आहेत. मूल आजारी होतं म्हणून फडावरून येता आलं नाही, असं बाजूला लिहिलंय. शाईही दोन-तीन रंगांची आहे.'

आणि ते मनापासून हसले.