हिंगोली डेक्कन ते मदीना

अम्मीने उमऱ्याला जायचे मनावर घेतले तेव्हा तिची सत्तरी उलटली होती आणि दोन्ही गुडघे दुखत होते. पैशांची तजवीज झाली होती. दोन हंगामांची हळद विकून ते बाजूला ठेवले होते. काळजी होती ती बसप्रवासाची. आमच्याकडची मंडळी काफिल्याबरोबर जातात आणि मदीना ते मक्का हा प्रवास बसने करतात. त्यात पाच-सहा तास सहज जातात. तितका वेळ पाय अवघडून बसणे अम्मीला झेपणारे नव्हते. म्हणून आम्ही नवरा-बायकोने ठरवले, की आपण तिघांनीच जायचे आणि तिथला प्रवास रेल्वेने करायचा.

ही रेल्वे म्हणजे हरमैन रेल्वे. मक्का, जेद्दा, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी आणि मदीना यांना जोडणारा सुमारे ४५० किलोमीटरचा हा विजेवरचा मार्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. गाडीचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो आणि मदीनेहून मक्का सव्वादोन-अडीच तासांत येते.

आमच्या आजोबांच्या वेळी असले काही नव्हते. ते हिंगोलीहून मीटरगेजच्या गाडीने पूर्णेला गेले, तिथून मनमाडला आणि पुढे मोठ्या गाडीने मुंबईला. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत त्यांनी कितीतरी दिवस काढले. वेळ हाताशी भरपूर होता, त्यामुळे वेळापत्रकाची फिकीर नव्हती. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि २०२४ मध्ये जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली. आता आपल्या स्टेशनावर बसून थेट मुंबई गाठता येते. सफर आखूड झाली, पण एक वेळ चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

आम्ही मुलाची शाळेची जुनी वही घेतली आणि नियोजनाला बसलो. सुरुवातीला सरळ क्रमाने लिहीत गेलो: हिंगोलीची गाडी, मुंबईचे विमान, जेद्दा, मदीना. विमान स्वस्त मिळत होते. ते पहाटे दीडला जेद्दाला उतरत होते. सगळे ठीक वाटले.

मग अम्मीने विचारले, "रियाजुल जन्नतची वेळ कोणती मिळाली?"

मस्जिद-ए-नबवीत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे घर आणि मिंबर यांच्यामधली ही जागा. तिथे नमाज पढण्यासाठी 'नुसुक' ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात. ती वेळ हुकली तर त्या सफरीत दुसरी मिळेलच असे नाही. अम्मीसाठी मिळाली होती ती पोहोचण्याच्याच दिवशी सकाळी नऊची. आम्ही वही उलटी धरावी तसे शेवटाकडून मोजू लागलो. नऊला मशिदीत हजर, म्हणजे त्याआधी हॉटेल, त्याआधी मदीनेचे स्टेशन, त्याआधी जेद्दाहून गाडी. आमच्या तारखेला पहाटे दीडनंतर लगेच गाडीच नव्हती. सकाळच्या गाडीने गेलो असतो तर अम्मीची वेळ आम्ही वाटेत असतानाच निघून गेली असती. काय हुकले असते, हे अम्मीला सांगायचे आमचे धाडस झाले नाही. विमानाचे तिकीट अजून काढले नव्हते, हीच अल्लाहची मेहेरबानी.

एक दिवस आधीचे, दुपारी उतरणारे विमान घेतले. थोडे महाग पडले. मुंबईतही एक रात्र मधे ठेवली, कारण आपली गाडी वेळेवर पोहोचेलच या भरवशावर परदेशाचे विमान ठरवू नये.

त्या वहीत पुढे जे लिहिले गेले ते आमच्यासारख्या इतर घरांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट स्टेशनाच्या नावाची. आपल्या स्टेशनाचे रेल्वेतले नाव 'हिंगोली डेक्कन' आहे, हे बाहेरच्याला कुठे ठाऊक असते? जेद्दातही तसेच. तिथे हरमैनची दोन स्टेशने आहेत, एक शहरातले सुलेमानिया आणि दुसरे विमानतळावरचे. नुसते 'जेद्दा' पाहून तिकीट काढले तर माणूस भलत्याच ठिकाणी उभा राहायचा. शिवाय विमानतळावरचे स्टेशन टर्मिनल १ ला लागून आहे. आपले विमान कोणत्या टर्मिनलला उतरते ते तिकिटावर पाहावे. दुसरे असेल तर तिथून जायला लागणारा वेळ आधीच धरावा. मक्का आणि मदीना इथली स्टेशनेही हरमपासून चालत जाण्याजोगी नाहीत. टॅक्सी किंवा बस लागते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ. वेळापत्रक चोवीस तासांचे असते. आपण ज्याला गुरुवारची रात्र म्हणतो त्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांची गाडी किंवा विमान कागदावर शुक्रवारचे असते. आम्ही प्रत्येक वेळेपुढे वार आणि तारीख दोन्ही लिहिले, आणि ती वेळ भारतातली की तिथली हेही.

तिसरी गोष्ट, वेळापत्रक कायमचे नसते. रमजान आणि हजच्या दिवसांत ते बदलते. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्याने गुरुवार-शुक्रवारी गर्दी वाढते. आम्ही फार पुढची तारीख टाकली तेव्हा एकही गाडी दिसेना आणि पोटात गोळा आला. गाड्या होत्या, त्या तारखांची विक्री सुरू झाली नव्हती. आपल्याकडे नाही का, आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तसाच प्रकार. म्हणून वेळापत्रक तीनदा पाहावे: सफर आखताना, तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या दिवशी. पाहावे तेही रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. मागच्या वर्षी कोणी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. तिकिटाला पासपोर्ट क्रमांक लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे, आणि सामान किती चालते तेही तिथेच वाचून घ्यावे.

चौथी गोष्ट आम्हाला मोहल्ल्यातल्या मौलानांनी लक्षात आणून दिली. ते म्हणाले, "मदीनेहून मक्केला निघालेली बस जुलहुलैफाला थांबते. तुमची रेल्वे थांबणार आहे का?" मदीनेकडून उमऱ्याला जाणाऱ्यांचा मीकात तिथे आहे. तो ओलांडण्याआधी इहराम बांधून नियत करावी लागते. काफिल्याबरोबर बसने जाणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बस थांबते, सगळे उतरतात. रेल्वे मात्र थांबत नाही. आम्ही लगेच वहीत लिहिले: मदीनेच्या हॉटेलवरच गुस्ल, तिथेच इहराम, आणि गाडी सुटताच नियत. गाडीही आम्ही जुहरनंतरची निवडली, म्हणजे वाटेत नमाजची घाई नको.

आणि तसेच झाले. अम्मी आपल्या वेळेच्या पाऊण तास आधी मशिदीत पोहोचली. बाहेर आली तेव्हा काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

मदीनेतल्या मुक्कामात एका दुपारी आम्ही जुने रेल्वे स्टेशन पाहिले. आता तिथे संग्रहालय आहे. सुलतान अब्दुल हमीद यांनी १९०० मध्ये हिजाज रेल्वेचे काम हाती घेतले आणि १९०८ मध्ये दमास्कसहून निघालेले रूळ मदीनेला पोहोचले. त्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली. हिंदुस्थानातून गेली, आपल्या हैदराबाद संस्थानातूनही गेली. तेव्हा हिंगोली त्याच संस्थानात होती. पहिल्या महायुद्धात तो मार्ग उद्ध्वस्त झाला आणि मदीनेची गाडी बंद पडली. वर्गणी देणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या गाडीत बसायला मिळाले असेल, असे अम्मी म्हणाली आणि त्यांच्यासाठी तिने दुआ केली.

मक्केच्या गाडीत अम्मी खिडकीशी बसली. गाडी हलली तशी आम्ही नियत केली, लब्बैक म्हणू लागलो. बाहेर उघडेबोडके काळे डोंगर मागे पळत होते. तासाभराने तिने पाय लांब केले आणि हळूच सांगितले, की गुडघा आज दुखत नाही.

परत येऊन आता काही महिने झाले. वही अजून भिंतीतल्या फळीवर आहे. परवा कळमनुरीहून एक जोडपे आले, सोबत त्यांची म्हातारी आई. त्यांनी पासपोर्ट पुढे ठेवले आणि विमान कोणते घ्यावे असे विचारले. आम्ही काही बोलायच्या आत अम्मीने वही उघडली, शेवटचे पान काढले आणि त्या आईला विचारले, "तुमची रियाजुल जन्नतची वेळ कधीची आहे? तिथून मागे मोजू या."